माडीवर न पोचलेला निरोप

“मग दोष कुणाचा, बाबा? तारेचा नाही, डबीचा नाही. आणि माझा तर नाहीच नाही.”

केशवगिरी बाबा मठीच्या सोप्यात चिंचेच्या कोळाने ताम्हण घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दोष मी कुठं काढला?” ते म्हणाले. “पानी पी आदी. उन्हातनं आलायस.”

रणधीर पिसाळ पाणी प्यायला नाही. कराडहून मोटरसायकल दामटत तो माळावरच्या या मठीत आला होता, वडिलांना घरी न्यायला. पाठीवर लॅपटॉपची पिशवी होती, ती त्याने अजून उतरवलीही नव्हती. हा माणूस देवळात गेला तरी ऑफिसातच असतो, असं त्याची बायको म्हणायची. बायका उगाच काही म्हणत नाहीत.

वडील, म्हणजे आबा, समोरच होते. आडाच्या कट्ट्यावर, पाठमोरे, शेंगा फोडत. शेजारी त्यांची कपड्यांची पिशवी होती.

“ते घरी येणार नाहीत म्हणतात.”

“व्हय. मलाबी तसंच म्हनला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“ऱ्हा म्हनलं.”

रणधीरचा चेहरा पडला. बाबा आपल्या बाजूने बोलतील, अशी त्याला खात्री होती.

या आबांविषयी थोडं सांगायला हवं. आबा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचे. त्यांनी भाव पुकारला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातला माणूस हातातला कप खाली ठेवायचा. पुढे घशाचं दुखणं आलं, ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. आता आबा बोलतात तेव्हा ओठ हलतात आणि नुसती हवा बाहेर येते.

रणधीरने त्यावर तोड काढली होती, आणि ती चांगली होती. तो एका कंपनीचं काम घरूनच करायचा, माडीवर. आबा खाली सोप्यात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता, आणि मोबाइलवरच्या बारक्या अक्षरांवर त्यांची जाड बोटं बसत नव्हती. म्हणून त्याने आबांना खाली एक कॉम्प्युटर मांडून दिला. मोठ्या अक्षरांचा. तो माडीवरच्या आपल्या लॅपटॉपला जोडून दिला. आबांनी खाली टाइप केलं की वर पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटायची आणि टिंग असा आवाज यायचा.

आबांना पुन्हा वाचा फुटली, असं आळीतले लोक म्हणाले. रणधीरलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

मग एक दिवस टिंग बंद झाली.

“पयल्यापास्नं सांग,” बाबा म्हणाले.

“वीज पडली. घरातली इंटरनेटची डबी जळाली. मी नवी आणून बसवली. इंटरनेट सुरू झालं, सगळं सुरू झालं. फक्त आबांचं मला पोचेना.”

“मग?”

“मग काय करायचं राहिलं, ते विचारा! तार बदलली. आबांचा कॉम्प्युटर खोलला, आतून पुसला, सगळं नव्याने भरलं. कीबोर्ड नवा आणला. बाबा, माझ्याकडे केवढ्या ऑफिसांची कनेक्शनं आहेत, माहीत आहे? कुठं काही अडलं की पुण्याहून मला फोन येतो.”

“येत असंल की.”

“आणि त्यांच्या कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही. मी माझ्यावरून त्याला हाक मारतो. आमच्या कामात तशी हाक मारून बघायची पद्धत आहे. पलीकडचा जागा असेल तर ओ देतो. हा लगेच देतो. प्रत्येक वेळी!”

“तू हाक मारलीस की त्यो ओ देतो.”

“हो.”

“आन् त्यानं तुला मारली तर?”

“ते… त्याची गरज नसते, बाबा. मी गेलो आणि परत आलो, म्हणजे रस्ता आहे. रस्ता आहे म्हटल्यावर झालं.”

“आबाच्या खुर्चीत बसून बघितलंस?”

“कशाला? मी वर बसून त्यांचा अख्खा कॉम्प्युटर चालवू शकतो. तपासायला जिना उतरायचं कारणच पडत नाही.”

“सोय हाय की मग,” बाबा म्हणाले आणि ताम्हणाची दुसरी बाजू घासू लागले.

रणधीरला हे कौतुक वाटलं. तो जरा सैल झाला.

“शेवटी मी आबांना म्हटलं, तुम्हीच काहीतरी भलतं दाबलं असणार.”

बाबांचा हात थांबला.

“आसं म्हनलास?”

“शांतपणे म्हणालो.”

“त्याच्या आदी काय म्हनला व्हतास?”

“आधी?... आधी काही नाही. म्हणजे डबी जळायच्या आधी एकदा म्हणालो होतो, की मीटिंग चालू असताना सारखं टिंग टिंग करू नका. चहा पाहिजे. चष्मा सापडत नाही. पेपर आला का बघ. चारचौघांत माझ्या पडद्यावर हे येतं, बाबा. लोक हसतात. पण त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही.”

“तुझ्या लेखी न्हाई.”

आबांच्या लेखी होता. त्यांचा हिशेब सरळ होता. मुलगा नको म्हणाला, आणि त्यानंतर निरोप पोचेनासे झाले. सौद्यात ज्याला माल नको असतो, तो आपण होऊन पाठ फिरवतो, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं होतं. त्यात रागवायचं काय? त्यांनी दोन धोतरं आणि सदरे पिशवीत घातले, एसटीने मठीवर आले, आणि पाटीवर खडूने लिहून बाबांना विचारलं, इथं राहू का.

“त्यांना वाटतं, मी मुद्दाम बंद केलं,” रणधीर म्हणाला. “बाबा, मी मुद्दाम नाही हो केलं! मी माझ्या बापाचं बोलणं कशाला बंद करीन?”

त्याचा आवाज चढला. खरं तर त्याला रडू येत होतं, आणि ते कळू नये म्हणून तो ओरडत होता. खालची रिकामी खुर्ची त्याने सकाळी पाहिली होती. ती त्याला सोसली नव्हती.

“तसं त्याला सांग.”

“सांगितलं. ऐकत नाहीत. आता पुरावाच दाखवतो. इथूनसुद्धा मला घरचा कॉम्प्युटर गाठता येतो. हाक मारतो, तो ओ देतो, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा. मग तुम्हीच त्यांना समजावा. मठीत वायफाय आहे ना?”

होतं. गुरुवारची आरती परगावच्या लोकांना दिसावी, म्हणून एका भक्ताने ते बसवून दिलं होतं.

“पासवर्ड दत्ताच्या तसबिरीमागं चिकटवलाय,” बाबा म्हणाले. “देवाला ठावं हाय. मला न्हाई.”

रणधीरने तसबीर सरकवून पासवर्ड वाचला. पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर उघडला. पासवर्ड टाकला. पडद्यावर काहीतरी उमटलं, त्याचं बोट हललं, उमटलेलं गेलं.

“हं. लागलं. आता बघा…”

“थांब,” बाबा म्हणाले. “त्यानं काय इचारलं?”

“कुणी?”

“ह्या तुझ्या डब्यानं. कायतरी इचारलं त्यानं. तू बघितलंबी न्हाईस.”

“ते होय!” रणधीर हसला. “ते काही नाही. नव्या जागी जोडलं की विचारतो. ही जागा ओळखीची आहे का, आजूबाजूच्यांना आपल्यापर्यंत येऊ द्यायचं का.”

“आन् तू काय म्हनलास?”

“नाही म्हणालो. हॉटेल असो, स्टेशन असो, आम्ही नाहीच म्हणतो. कामाचा दंडक आहे, बाबा. प्रत्येक जागा परकी धरायची. आपण ज्याला बोलावलं नाही, त्याला आत घ्यायचं नाही.”

“चांगला हाय दंडक.”

बाबांनी ताम्हणावर तांब्याने पाणी ओतलं. चिंच वाहून गेली.

“तुझं बारसं ह्याच सोप्यात झालं,” ते म्हणाले. “त्या वरच्या कड्या दिसत्यात न्हवं? त्यांनाच पाळना बांधला व्हता.”

रणधीरने वर पाहिलं. तुळईला दोन कड्या होत्या.

“बाबा, मी तुम्हाला नाही हो परकं म्हणालो. मशीनला म्हणालो.”

“व्हय व्हय. मशीनलाच.”

रणधीर पुन्हा हसायला गेला. ते हसू अर्ध्यातच राहिलं. तो पडद्याकडे बघत होता.

नवी जागा.

नवी डबी बसवली, तर घर तेच असतं. पण लॅपटॉपच्या लेखी ती नवी जागा. त्या दिवशी रणधीरने डबी लावली होती ती मीटिंग चालू असताना, कानाला हेडफोन, एका हाताने. म्हणजे त्या दिवशीही याने विचारलं असणार. हेच. ही जागा ओळखीची आहे का?

आणि आपण काय म्हटलं असणार, ते त्याला वेगळं आठवायची गरज नव्हती.

“बाबा…”

बाबांनी समई पुढ्यात ओढली होती.

“बाबा, मी आमच्या घराला परकं म्हणालो.”

बाबा समईला कोळ चोळू लागले.

“आणि मला ते आठवतसुद्धा नाही.”

हेच त्याला लागलं. रागाच्या भरात माणूस बोलतो, ते निदान लक्षात राहतं. हे तर बोट परस्पर बोलून गेलं होतं.

आता सगळं लख्ख दिसत होतं. त्याने हाक मारली की आबांचा कॉम्प्युटर बिचारा ओ द्यायचा, कारण त्याला कुणी मनाई केली नव्हती. मनाई माडीवर होती. आबांचं प्रत्येक अक्षर दारापर्यंत येत होतं आणि दारात थांबत होतं. आणि हा शहाणा खालचा कॉम्प्युटर खोलत होता, पुसत होता, म्हाताऱ्याच्या बोटांना नावं ठेवत होता.

“दिव्याखाली अंधार,” रणधीर स्वतःच म्हणाला. “कुठल्या ऑफिसात असं झालं असतं, तर मी चुटकीसरशी सांगितलं असतं. घरी माझ्या मनातही आलं नाही.”

“पानी पी,” बाबा म्हणाले.

पडलेल्याला आणखी ढकलण्यात त्यांना कधीच गोडी नव्हती.

रणधीर पाणी प्यायला. मग लॅपटॉपवर झुकला. जोडून ठेवलेल्या जागांच्या यादीत त्याने घराचं नाव शोधलं, त्यापुढचं ‘परकी जागा’ काढून ‘घरची जागा’ केलं. हुडकायला एवढे दिवस गेले होते, आणि काम निघालं ते पापणी लवेपर्यंतचं.

“झालं! बाबा, झालं! आता आबांना सांगतो.”

तो धावतच आडाकडे गेला. दोष सापडल्याचा आनंद फार मोठा असतो. त्या आनंदात आपण कशाला आलो होतो, हे तो विसरला.

आबांसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. वीज, डबी, तो प्रश्न, ते बोट, तो दंडक. हातवारे करून सांगितलं. त्याच्या कंपनीतल्या माणसांनीही वाखाणलं असतं, इतकं स्वच्छ सांगितलं.

“म्हणजे मी तुम्हाला बंद केलं नव्हतं, आबा. सवयीने झालं. आता घरी गेल्या गेल्या टिंग वाजेल, बघा तुम्ही!”

आबांनी सगळं ऐकलं. हातातली शेंग खाली ठेवली. त्याच्याकडे वळले.

त्यांचे ओठ हलले. हवा आली. पुन्हा हलले. आबा काहीतरी सांगत होते, आणि सांगताना त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

“हो आबा,” रणधीर मान हलवत म्हणाला. “हो, हो. बरोबर आहे.”

आबा त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी खाली ठेवलेली शेंग उचलली आणि पाठ केली.

रणधीर सोप्यात परत आला.

“बाबा, बिघाड निघाला. त्यांना सगळं समजावलं. आता तरी चला म्हणून सांगा त्यांना.”

“आबा काय म्हनला? व्हट हालत व्हते त्याचे.”

“नीट कळलं नाही.”

“मग मुंडी कशापायी हालवलीस?”

रणधीर खाली बघू लागला. ऑपरेशन झाल्यापासून सगळेच मान हलवायचे. वाणी हलवायचा, शेजारी हलवायचे, सून हलवायची, पाहुणे तर आल्यापासून जाईपर्यंत हलवायचे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ज्याला एक शब्द काढायला एवढे कष्ट पडतात, त्याला पुन्हा सांगा कसं म्हणायचं? म्हणून सगळे हो म्हणायचे. आणि त्या हो वरूनच आबांना कळायचं, की आपलं पोचलेलं नाही.

“त्यांना वाईट वाटू नये म्हणून,” रणधीर म्हणाला.

बाबांनी नुसतं आडाकडे बोट केलं. ती पाठ तशीच होती.

“बाबा, मला खरंच कळलं नाही ते काय म्हणाले.”

“माझ्याम्होरं कशाला बोलतोस? त्याला सांग.”

मशीनपुढे हार मानायची रणधीरला सवय नव्हती, आणि माणसापुढे तर त्याहून नव्हती. मग त्याने पाठीवरची रिकामी पिशवी उतरवली, लॅपटॉप होता तिथेच ठेवला, आणि चालत गेला.

या वेळी तो आबांसमोर उभा राहिला नाही. कट्ट्याखाली शेंगांच्या टरफलांत बसला.

“आबा.”

आबांनी पाहिलं नाही.

“मघाशी मला कळलं नव्हतं. मी उगीच हो म्हणालो.”

आबांची बोटं थांबली.

“नेहमीच उगीच म्हणतो,” रणधीर म्हणाला. “परत सांगा. कळेपर्यंत सांगा.”

आबा सावकाश वळले. ओठ हलले.

“नाही कळलं. परत.”

पुन्हा हवा आली. रणधीर आणखी पुढे सरकला, इतका की त्याचं कपाळ आबांच्या गुडघ्याला लागलं.

“च… चहा? चहा पाहिजे, आबा?”

आबांनी जोरात मान हलवली. नाही.

“चहा नको?”

आबांनी बोट उंचावलं. अस्सं. तेच.

“चहा नको. बरं. मग काय पाहिजे?”

आबांनी पुन्हा नाही म्हणून हात झटकला. त्यांना काहीच नको होतं. जरा विचार करून त्यांनी बोट आभाळाकडे केलं, वर, माडीकडे करावं तसं. मग ते रणधीरच्या छातीला लावलं. मग दोन बोटं आपल्या मांडीवर उभी केली आणि एक एक पायरी उतरावी तशी गुडघ्यापर्यंत चालवत आणली. गुडघ्यापाशी रणधीरचं डोकं होतं. बोटं तिथे टेकली.

रणधीर त्या बोटांकडे बघत राहिला.

चहा पाहिजे. चष्मा सापडत नाही. पेपर आला का बघ. प्रत्येक टिंगेला तो करवादत उठायचा, हेडफोन काढायचा, जिना उतरायचा. आबांपुढे कप ठेवायचा. आबा तो संपवायला फार वेळ लावायचे, आणि तेवढा वेळ तो समोर बसून राहायचा. कधी कधी दोघं मिळून रस्त्यावरची माणसं बघायचे.

“चहा नकोच असायचा,” तो हळूच म्हणाला. “मी खाली यावं म्हणून…”

आबांनी मान हलवली नाही, काही नाही. डोळे मात्र भरून आले. त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. मग शेजारची कपड्यांची पिशवी उचलली आणि ती मुलाच्या मांडीवर ठेवली.

रणधीरने ती दोन्ही हातांनी धरली. आता त्याला राहवेना. तो तिथूनच, लहान पोरासारखा, सोप्याकडे बघत ओरडला.

“बाबा! कळलं, बाबा! आबा काय म्हणतात माहीत आहे का? ते म्हणतात…”

बाबांनी समईवरून नजर न काढता हात वर केला.

“मला नगं सांगू. त्यो तुला म्हनलाय.”